गुरुजी, टॅबची चूक तनुजानं काढली

गुरुजी, शनिवारी जे घडलं ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं. कार्यक्रम संपला, मी केंद्रशाळेच्या व्हरांड्यात आले, पर्समधून फोन काढला, तुमचं नाव शोधलं आणि मग आठवलं. तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले होते. डाळजला तुमच्या घरी पुण्यानुमोदनाला आम्ही येऊन गेलो होतो. मुलांनी तुमच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. काकूंनी त्या गर्दीतही एकेकाला हाताला धरून जेवायला बसवलं होतं. हे सगळं डोळ्यांनी बघूनसुद्धा आनंदाची बातमी म्हटल्यावर माझा हात तुमच्याच नंबरकडं गेला.

आता फोन करता येत नाही म्हणून लिहितेय. पण रडगाणं लिहिणार नाही. इतकं सांगायचंय की कुठून सुरू करू तेच कळत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "पहिल्यापास्नं सांगा, ज्योतीताई. मधनंच नका सांगू."

तर पहिल्यापासून.

पाच वर्षं आपण एका शाळेत होतो. अंथुर्ण्याच्या पुढची कॅनॉलकडेची वस्ती, दोन खोल्या, पहिली ते चौथी मिळून तेवीस मुलं. तुम्ही मुख्याध्यापक आणि मी दुसरी शिक्षिका, बस्स. तुम्ही डाळजहून मोटरसायकलवर यायचात, मी बारामतीहून स्कूटीवर, आणि रोज तुम्हीच आधी पोचलेले असायचात. वस्तीवरून शिकून पुण्यात नोकरीला लागलेल्या एकानं आपल्या शाळेला चार टॅब दिले, तेव्हा खोकी उघडताना मी अक्षरशः नाचत होते. तुम्ही चारही टॅब उलटसुलट करून बघितलेत, कपाटात ठेवलेत आणि कुलूप लावलंत.

"गुरुजी, धूळ खात पडतील ते."

"खाऊ द्या की धूळ. पोरांचे डोळे खाण्यापरीस बरं."

"पण घरी आईचा फोन घेऊन कार्टून बघतातच ना ती? इथं निदान कामाचं बघतील."

"तेच म्हणतोय मी, मॅडम. घरी बघत बसत्यात, हितंबी नुसतं बघतच बसायचं? मग करायचं कवा?"

चिडलात की 'मॅडम', एरवी 'ज्योतीताई'. त्या महिन्यात मी मॅडमच होते. त्यामुळं मी जास्तच चिडले. आणि तेव्हा मी एक गोष्ट केली, जी तुम्हाला कधीच सांगितली नाही. केंद्रप्रमुख साहेबांना फोन करून तुमची तक्रार केली. म्हटलं, सर, शाळेत चार टॅब आहेत आणि साळवे गुरुजी ते मुलांना हात लावू देत नाहीत. फोन ठेवल्यावर लाज वाटली. पण फोन केला होता, हे खरं.

मग मला इंदापूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. चारही वर्ग एकट्या तुमच्या अंगावर. पोरांनी तुमच्या मागं टुमणं लावलं आणि तुम्ही वैतागून एक टॅब बाहेर काढलात. आपल्याकडं रेंज फक्त हातपंपाजवळ, म्हणून सगळी वरात तिथल्या लिंबाखाली. कुणीतरी तुमच्या फोनचं नेट जोडून दिलं, कुणीतरी लिहायचं पान उघडलं आणि तुमचं बोट माइकच्या चित्रावर पडलं. तुम्हाला ते कळलंही नाही. तुम्ही नेहमीसारखे ओरडलात, "गप बसा रे!"

टॅबनं लिहिलं: गप्पा बसा रे.

दुपारच्या चहाला तुमचा फोन आला. म्हटलं, कुणी पडलं की काय. आणि तुम्ही इतक्या मोठ्यानं बोलत होतात की शेजारच्या बाईंनाही ऐकू जात होतं. "ज्योतीताई! पोरांनी यंत्राची चूक काढली! ज्यांना जोडाक्षर वाचा म्हटलं की पोटात दुखतं, त्या पोरांनी वाचलं आन् वरडली, 'गुरुजी, चुकलं त्ये! प्प न्हाय, प!' आवो, माझ्या फळ्यावरची चूक कुणी कधी काढली न्हाय. हितं रांग लागलीय रांग!"

सव्वीस वर्षं शिकवलेल्या माणसाचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. कुलूप त्या दिवशी सुटलं ते सुटलंच.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही फळ्यावर तीन रकाने आखलेत. पहिल्यात आपण काय बोललो, दुसऱ्यात टॅबनं काय लिहिलं, तिसऱ्यात पुस्तकात कसं लिहितात. मी विचारलं, पहिला रकाना कशाला? 'हाय' आणि 'न्हाय' फळ्यावर लिहून दाखवलं तर मुलं परीक्षेतही तेच लिहितील. तुम्ही पहिल्या रकान्यात 'हाय' लिहिलंत. मग म्हणालात, "आमची आजी बोलायची ते मी कुठंच लिवलेलं बघितलं न्हाय. शाळेत गेलो आन् पहिल्याच दिवशी कळलं, घरातलं समदं चूक. ज्योतीताई, घरातलं न पुसता पुस्तकातलं शिकवता येतं का, बघू तरी."

आणि काय मजा यायची! "तात्या डाळिंबाला पाणी देतोय" म्हटलं की टॅब लिहायचा, 'तात्या डाळीन बाळाला पाणी देतोय.' मुलं हसून लोळायची आणि मग पुस्तकं काढून डाळिंब शोधायची. ऱ्हस्व की दीर्घ यावर मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची. तुम्ही ती भांडणं सोडवायचा नाहीत, उलट त्यात तेल ओतायचात. मला म्हणायचात, "बघा, कोण नुसतं बघत बसलंय का?" मी म्हणायचे, "पण टॅब कुणाला हवे होते?" या वादात आपण दोघंही मनापासून खूश होतो.

वाईट वाटलं ते तनुजासाठी. आणि त्यात चूक माझी होती.

चौथीतली तनुजा बोलताना अडखळते. घरची भेंडी, दोडका, काकडी. आई-वडील पहाटेपासून तोडणीला. पोरगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण वर्गात नाव घेतलं की मान खाली. तुम्ही म्हणाला होतात, तिला माइकपुढं घाईनं बसवू नका. मी ऐकलं नाही. मला वाटलं, माणसापुढं लाजते, यंत्रापुढं लाजणार नाही. तिनं टॅब हातात घेतला आणि म्हणाली, "आमच्या रानात भ… भ… भेंडी हाय." टॅबनं लिहिलं, 'आमच्या राणीचे भाऊ भाऊ भिंती आहे.' एरवी हसायचे तसेच सगळे टॅबला हसले. पण तिला ते तसं ऐकू आलं नाही. तिनं टॅब हळूच खाली ठेवला, पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली आणि पुढं आठवडाभर शाळेत एक शब्द बोलली नाही.

तुम्ही मला 'मी म्हटलं नव्हतं का' असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

मग मी तिला रेकॉर्डिंग शिकवलं. ऑफिसच्या खोलीत एकटी बसायची, दार लावायची, एकच वाक्य वीस वेळा बोलायची. जे नीट आलं तेवढं ठेवायचं, बाकी कापून टाकायचं. महिन्याभरात तिनं पहिलीच्या मुलांसाठी पाढे, दोन गाणी आणि भेंडी कशी लावतात याचा धडा तयार केला. पहिलीची पोरं टॅबला कान लावून 'तनुजाताईचं लावा' म्हणायची. ती दारात उभी राहून ऐकायची आणि वेणीचं टोक चावत हसायची. मला वाटलं, जिंकले!

तुम्ही तो धडा दोनदा ऐकलात आणि टॅब मला परत देत म्हणालात, "ग्वाड आवाज हाय. पण ही आपली तनुजा न्हाय."

शेवटचं भांडण तेच, नाही का? केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपल्या शाळेचा प्रयोग दाखवायचं ठरलं. चाळीस शिक्षक, केंद्रप्रमुख, सगळे येणार. मी म्हटलं, तनुजाचं रेकॉर्डिंग लावू, ती शेजारी उभी राहील, कुणी हसणार नाही. तुम्ही म्हणालात, "रेकॉर्डिंगच लावायचं तर पोरीला कशाला न्यायचं? टॅबच न्या. ती बोलंल तर तिच्या तोंडानं बोलंल."

"आणि अडखळली तर?"

"अडखळू द्या. अडखळणं तुमी कापून टाकलं, मॅडम. टॅबमधलं. पोरगी तशीच राहिली."

"ते कापलं म्हणूनच ती बोलायला लागली ना! तुम्हाला तुमचा मुद्दा मोठा, त्यासाठी चाळीस लोकांपुढं तिची थट्टा झाली तरी चालेल!"

हे मी तुम्हाला म्हणाले, गुरुजी. तुम्ही चष्मा काढून रुमालानं पुसलात, डबा पिशवीत ठेवलात आणि म्हणालात, "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी तुमच्या मुलाचा फोन आला. घराच्या अंगणात, मोटरसायकल पुसता पुसता तुम्ही गेलात. मी मुलांपुढं उभी होते. प्रार्थना पुरी होऊ दिली, मग त्यांना सांगितलं.

त्यानंतर मी साहेबांना कळवलं की आम्हाला सादरीकरणातून मोकळं करा. साहेब लगेच हो म्हणाले. मुलांनाही तसं सांगितलं. मग मागून आवाज आला, "म… म… मॅडम, का?"

तनुजा. भर वर्गात, आपण होऊन.

मी तिला लिंबाखाली घेऊन गेले आणि सगळं खरं सांगितलं. गुरुजींचं म्हणणं हे होतं, माझं म्हणणं हे, आमचं भांडण झालं, ते अर्धंच राहिलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म… मला कुणी इ… इचारलंच न्हाय."

गुरुजी, आपण दोघं! पंधरा दिवस एकमेकांशी तावातावानं भांडलो आणि पोरीला कुणी विचारलंच नाही. तुम्ही असता तर कपाळावर हात मारून घेतला असता. मी मारला.

"मग तुला काय करायचंय, बाळा?"

"ट… टॅबला हरवायचंय. समद्यांम्होरं."

मी साहेबांना पुन्हा फोन करून आमचं नाव परत घालून घेतलं. तर शनिवार. केंद्रशाळेचा मोठा वर्ग, चाळीस शिक्षक बाकांवर दाटीनं बसलेले, फळ्यावर तीन रकाने. ते आखले कुणी माहीत आहे? आपल्या चौथीनं, पट्टी न घेता, तुमच्यासारखे थोडे तिरके. टॅबवरचं मोठ्या पडद्यावर दिसत होतं. तिसरीच्या दोघांनी सुरुवात केली, टॅबनं दोन चुका केल्या, लोक हसले, वातावरण छान झालं. मग तनुजा पुढं आली.

"माझं नाव त… त… त…"

पहिल्या बाकावरचे एक सर, भले मनुष्य, मदत म्हणून म्हणाले, "तनुजा ना? बोल, बोल." ती थांबली. कान लाल झाले. मी उठायला लागले. तेवढ्यात तिनं डोळे मिटले, उघडले, पडद्यावरचं पुसलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केलं. "माझं… नाव… त… तनुजा. आमच्या… रानात… भेंडी हाय." किती वेळ लागला मला माहीत नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली: माझं नाव तर नुसतं जा आमच्या रानात भेंडी हाय.

कुणी हसलं नाही. आणि मग कोण हसलं असेल? तनुजा! आधी तोंडावर हात, मग हात काढून, खळखळून. "'नुसतं जा' म्हणतंय मला!" एका दमात बोलली ती हे, कुठंही न अडता, आणि तिला स्वतःलाही कळलं नाही. मग सगळ्या वर्गात हशा फुटला. तिनं खडू घेतला आणि दुसऱ्या रकान्यात टॅबचं वाक्य उतरवलं. 'तर नुसतं जा' वर काट मारून खाली मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, तनुजा. आणि पुढं बोट ठेवून म्हणाली, "भ… भेंडी मात्र बरोबर लिवली."

एवढ्यावर थांबली असती तरी मला पुरलं असतं. पण तिनं टॅब उचलला आणि थेट केंद्रप्रमुखांपुढं धरला. "साहेब, आता तुमी."

साहेबांनी घसा साफ केला. "विद्यार्थ्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो." टॅबनं जसंच्या तसं लिहिलं, विसर्गासकट. आपल्या मुलांची तोंडं एवढीशी झाली. तनुजानं पडद्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. "अ… असं न्हाय. घरी ब… बोलता तसं."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. मग टॅबवर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "आये, म्या आलो. भाकर वाढ."

पडद्यावर आलं: आय एम आलो बाहेर वाढ.

गुरुजी, काय सांगू! लोक बाकांवर हात आपटत होते. दोघी शिक्षिका पदरानं डोळे पुसत होत्या. साहेब स्वतः इतके हसले की चष्मा काढावा लागला, आणि चष्मा काढल्यावर ते नुसतं हसणं नव्हतं, हे मला पुढून दिसत होतं. मग एकेक जण रांगेत उभा राहिला. कुणी आईचं वाक्य आणलं, कुणी आजीचं. पहिल्या बाकावरचे ते सर म्हणाले, मी लहानपणी घरी काय बोलायचो तेच आठवावं लागतंय. फळ्यावरचा पहिला रकाना भरला, खाली जागा उरली नाही. मधेच माझी नजर तुम्हाला शोधायला लागली. तुम्ही असं काही आवडलं की दाराशी जाऊन उभे राहायचात, पाठ करून. दाराशी कुणी नव्हतं. तेवढं एकदा झालं. मग मुलांनी हाक मारली आणि मी पुन्हा फळ्याकडं वळले.

निघताना साहेब माझ्याजवळ आले. मीच आधी बोलले. म्हटलं, सर, मी तेव्हा तुम्हाला फोन केला होता, गुरुजींविषयी. ते म्हणाले, "हो. मी त्याच दिवशी साळवेंना विचारलं होतं. ते म्हणाले, बाई खरं सांगतायत, मला त्या यंत्राची भीती वाटते, थोडा वेळ द्या."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्या दिवसापासून. आणि तरी तुम्ही रोज डब्यातली शेंगदाण्याची चटणी अर्धी माझ्या झाकणात काढून ठेवत राहिलात, पहिला यशस्वी तास झाल्यावर पहिला फोन मला केलात. मला माफी मागायची होती आणि तुम्ही तशी वेळच येऊ दिली नाहीत. यावर रागावू की काय करू? आभार मानते, झालं. तुम्ही मला कधी आभार मानू दिले नाहीत, आता अडवून दाखवा.

आणि आपल्या भांडणाचं म्हणाल तर मी त्यावर रोज विचार करते. रेकॉर्डिंगनं तिला धीर दिला, हे मी अजून म्हणते. तिच्या तोंडचं अडखळणं कापायचा हक्क माझा नव्हता, हे तुमचं म्हणणं मी आता मान्य करते. तुम्ही माझं कितपत मान्य केलं असतं? थोडं केलं असतं, मला वाटतं. डबा पिशवीत ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता.

आता आजची बातमी.

कोऱ्हाळे बुद्रुककडच्या एका वस्तीशाळेत माझी डीएडची मैत्रीण आहे. तिला मी शनिवारचं सगळं सांगितलं होतं. आज सकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला, म्हणाली, आमच्या मुलांनाही शिकवा हा खेळ. मी टॅब खुर्चीवर उभा केला, हातपंपाजवळ, आणि आपली तेवीस पोरं समोर. तिकडं त्यांची पोरं, सगळी एकाच वेळी ओरडणारी. शिकवायचं कुणी? तनुजानं. मी मागं उभी.

तिनं त्यांना रकाने आखायला लावले. मग म्हणाली, एकेकानं नाव सांगा, तुमचा टॅब लिवंल. चार-पाच जणांनी सांगितलं. मग पहिलीतली एक बारकी मुलगी पुढं आली, दोन वेण्या, नाक ओढत. तोंड उघडलं आणि आवाजच येईना. मागून कुणीतरी खिदळलं. मैत्रीण घाईनं म्हणाली, "ही ना, थोडी लाजाळू आहे, हिचं नाव मी सांगते—"

"बाई, थांबा," तनुजा म्हणाली. "तिला ब… बोलू द्या. आमाला घाई न्हाय."

गुरुजी, तेवीस पोरं गप्प बसली. तिकडचीही बसली. मधेच चित्र अडकलं, पुन्हा सुरू झालं, तरी कुणी हललं नाही. त्या मुलीनं फ्रॉकचा घोळ मुठीत धरला आणि एकदम, जोरात, सगळी ताकद लावून म्हणाली, "शिवन्या!"

तिकडच्या टॅबनं लिहिलं: शिवण्याचे.

आणि दोन्ही शाळा एका आवाजात ओरडल्या, "चूक!"